झाकणाखाली

धाकट्याची नोकरी गेली तेव्हा थोरला साडू स्वतः टेम्पो घेऊन दारात हजर झाला होता. "सामान भर," एवढंच म्हणाला. "वरची खोली रिकामीच पडलीय. आणि हाताला काम नाही म्हणून रडू नकोस. माझ्याकडे कामं पडून आहेत, माणूस मिळत नाही."

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीला, म्हणजे ताईला, इतका आनंद झाला की तिने जिन्यापासून खोलीपर्यंतची फरशी स्वतः पुसून काढली. त्या दिवशी धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पडत्या काळात असं कोण कुणासाठी उभं राहतं?

पण उपकाराचं असं असतं, की करणारा विसरला तरी घेणाऱ्याला विसरता येत नाही. आणि थोरला काही विसरणाऱ्यातला नव्हता. तोंडाने कधी बोलून दाखवायचा नाही. फक्त चार पाहुणे बसले असले की विचारायचा, "काय रे, वरच्या खोलीतला पंखा नीट चालतो ना? नाहीतर सांग, बदलून देतो." पाहुणे कौतुकाने थोरल्याकडे बघायचे आणि धाकटा पायाच्या अंगठ्याकडे.

सकाळी एकाच गाडीतून दोघे कामावर जायचे, संध्याकाळी एकाच गाडीतून परत. मधल्या वेळेत थोरला मालक आणि धाकटा कामगार. साइटवरचे लोक थोरल्याला 'शेठ' म्हणायचे, कारण तो जिथे जाईल तिथे पहिल्यांदा खुर्ची शोधायचा. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरही पुन्हा दिवसभराच्या कामाचीच उजळणी. धाकट्याच्या बायकोचं स्वयंपाकघरात काही वेगळं नव्हतं. भाजीत मीठ किती, कुकरच्या शिट्ट्या किती, सगळं ताईच्या पद्धतीने. दोघंही वरच्या खोलीत गेली की आवाज खाली जाऊ नये म्हणून कुजबुजत बोलायची. पुढे पुढे बोलायचीच थांबली.

काम म्हणाल तर धाकट्याच्या आवडीचं होतं. मोठ्या कारखान्यात वीज कुठे किती जाते हे दाखवणारे मीटर पॅनेलापॅनेलावर बसवलेले असतात. ते सगळे दोन बारीक तारांनी एका कॉम्प्युटरला जोडायचे. तारांची ती जोडी एकमेकींभोवती पिळलेली, वरून जाळीचं आवरण. एका मीटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी माळ ओवत न्यायची, मधूनच फाटा काढायचा नाही. प्लसची तार मायनसला लागली की तो मीटर मुका. कॉम्प्युटर प्रत्येकाला नंबराने हाक मारणार. ज्याचा नंबर असेल त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

एकदा जेवताना त्याने हे बायकोला समजावून सांगितलं, तर ती पटकन बोलून गेली, "म्हणजे आपल्या घरासारखंच की!"

ताईला हसू फुटलं. थोरला मात्र हसला नाही. पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "विचारणारा एकच असतो, म्हणून तर चालतं ते."

अशात धाकट्याने गुपचूप एक अर्ज करून टाकला. दूरच्या एका गावात पाण्याचं मोठं पंपिंग स्टेशन होतं. तिथे देखभालीला माणूस हवा होता, राहायला क्वार्टर मिळणार होतं. उत्तर आलं: या, सोमवारपर्यंत कळवा. त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती बहिणीला सोडून कशी येईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आधी घरात नीट बोलू, मग सांगू, असं म्हणत त्याचा आठवडा तसाच गेला.

शनिवारी सकाळी ते एका कारखान्यात होते. पॅनेलरूममधले मीटर नीट बोलत होते, पण कॉम्प्रेसरच्या शेडमधले मीटर मध्येच दिसायचे, मध्येच गायब व्हायचे. धाकट्याला कारण माहीत होतं. पॅनेलरूमपासून त्या शेडपर्यंत जमिनीखालून एक बोगदा जात होता. त्यात भिंतीलगतच्या लोखंडी ट्रेमधून मनगटाएवढ्या जाड वीजकेबली गेलेल्या, आणि घाईघाईत या दोघांनी आपली बारीक केबलही त्याच ट्रेमध्ये, त्यांच्या अंगाला अंग लावून टाकली होती. मोठ्यांच्या गोंगाटात धाकटीचं बोलणं ऐकूच जात नव्हतं. ती केबल उचलून समोरच्या भिंतीने, लांबून न्यायला हवी होती.

तो पिशवी भरत होता तेवढ्यात थोरला फोन खिशात घालत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पंपिंग स्टेशनच्या साहेबांचा फोन होता," तो म्हणाला. "माणूस कसा आहे म्हणून मलाच विचारत होते. मला! काय सांगायचं होतं मी?"

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. अर्जात सध्याच्या मालकाचा नंबर मागितला होता, तो त्याने लिहिला होता. ते लोक खरंच फोन करतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दादा, मी आज सांगणारच होतो..."

"कधी? सामान गाडीत चढवल्यावर? घरात घेतलं, काम दिलं, माझ्या मुलांच्या आधी तुझं ताट वाढलं. आणि तू पाठीमागून बिळं खणतोस?"

"बिळं कसली दादा? माणसाला आपलं असं काहीतरी..."

"मग जा की! अडवलंय कुणी? आत्ता चालता हो."

"जातो," धाकटा म्हणाला. पिशवी उचलून तो तरातरा बाहेर पडला.

तो गेटकडे जाणार होता. पाय तिकडेच वळलेही होते. पण शेडबाहेरच्या पॅसेजमध्ये बोगद्याचं तोंड लागलं. सकाळीच त्याने लोखंडी झाकण सरकवून ठेवलं होतं, शेजारी पिवळा स्टँड उभा केला होता. अर्धवट काम टाकून जायचं त्याच्या जिवावर आलं. भांडण भांडणाच्या जागी, म्हटलं, एवढं संपवावं आणि मग जायचं तिकडे जावं. तो शिडीवरून खाली उतरला.

खाली उभं राहता येत नव्हतं. गुडघ्यांवर रांगत, कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात तो आत सरकत गेला. पॅनेलरूमखालचं टोक जसं, तसंच शेडखालचंही भिंतीने बंद केलेलं होतं, फक्त केबलींपुरती भोकं. तिथून सुरुवात करून त्याने आपली केबल ट्रेमधून सोडवली आणि समोरच्या भिंतीला क्लिपा ठोकत ठोकत मागे यायला लागला. राग हातात उतरला होता, त्यामुळे क्लिपा चांगल्या बसत होत्या.

मागे लोखंड घासल्याचा आवाज आला. मान वळवेपर्यंत तोंडाकडचा चौकोनी उजेड अर्धा झाला, मग रेघ झाला, मग गेला. पाठोपाठ वरून धप्प असा दणका बसला आणि छतातून धूळ गळली.

"ओ! थांबा! खाली माणूस आहे!"

तो रांगत शिडीपाशी आला. वर चढून खांद्याने झाकणाला रेटा दिला. झाकण तसूभर हललं नाही. पक्कड घेऊन त्याने खालून ठोकलं, ठोकतच राहिला. वर कॉम्प्रेसर सुरू होते. त्यांच्या घरघरीत त्याची ठोकाठोकी म्हणजे ढोलापुढे टिचकी. फोन काढून पाहिला, तर रेंजच नाही. झाकणाला चिकटवून धरला, तरी नाही.

आता हसण्यासारखं वाटेल, पण पहिल्यांदा त्याला रागच आला. कोण गाढव आहे, स्टँड दिसत नाही का, वगैरे. मग राग ओसरला आणि त्या जागी भीती आली. आज शनिवार. संध्याकाळी कारखाना बंद होणार, उद्या सुट्टी. थोरल्याला वाटणार हा रागाने निघून गेला. घरी वाटणार कामावर आहे. मग वाटणार, मित्राकडे गेला असेल. तो कुठे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला शोधायला निघावं असं कुणाला इतक्यात वाटणारही नव्हतं.

जाड केबली गुणगुणत होत्या. त्यांची ऊब बोगद्यात कोंडायला लागली. शर्ट पाठीला चिकटला. श्वास घेतला की धूळ आणि तापलेल्या रबराचा वास यायचा. त्याने बॅटरी वाचवावी म्हणून दिवा बंद केला, आणि लगेच पुन्हा लावला. अंधारात भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. तो आणखी एकदा ओरडला. मग घसा दुखायला लागला म्हणून गप्प बसला. असा किती वेळ गेला कोण जाणे. गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या त्या माणसाच्या मनात एक भलताच विचार आला: घरी तरी आपण यापेक्षा वेगळे कुठे बसलेले असतो? त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. घरी निदान खिडकी होती.

डोकं वर केलं तेव्हा बॅटरीचा झोत समोरच्या भिंतीवर पडला. स्वतः नुकतीच ठोकलेली ती बारीक केबल तिथे होती. तिचं एक टोक पॅनेलरूममधून थेट कंट्रोलरूममधल्या कॉम्प्युटरपर्यंत जात होतं. आणि थोरला या वेळी दुसरीकडे कुठे असणार? खुर्ची तिथेच होती.

त्याने कटर काढला. केबलचं आवरण बोटभर सोललं, जाळी मागे सारली, आतल्या दोन्ही तारांची कातडी अलगद खरवडली. ज्या जोडणीला जरा ओरखडा आला तरी तो दुसऱ्यांना शिव्या घालायचा, तिचीच त्याने वाट लावली. मग दोन्ही तारा चिमटीत धरून एकमेकींना टेकवल्या. आता वर सगळे मीटर एकदम मुके झाले असतील, पडद्यावर लाल रांग लागली असेल. थोडं थांबून त्याने तारा सोडल्या. पुन्हा टेकवल्या, पुन्हा सोडल्या. वर कुणी बघतंय का, समजायला काही मार्ग नव्हता. बोटांना घाम येऊन तारा निसटायच्या. तो पॅन्टला हात पुसायचा आणि परत सुरू करायचा.

वर काय चाललं होतं ते त्याला नंतर कळलं. थोरल्याने लाल रांग पाहिली होती. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरगं जाता जाता खोडी करून गेलं. तिरमिरीत त्याने धाकट्याला फोन लावला, तो लागेना. मग घरी लावला. धाकट्याच्या बायकोने उचलला.

"आला का तुझा नवरा? लाईन तोडून गेलाय माझी!"

"अजून आले नाहीत. आणि लाईन तोडून?" ती म्हणाली. "भाऊजी, ते काम अर्धं टाकून जेवायलासुद्धा उठत नाहीत. तुम्ही नीट बघा."

तेवढ्यात पडद्यावर मीटर परत आले. थोरला बघत असतानाच पुन्हा गेले. तुटलेली तार अशी आपोआप सांधली जात नाही. तो चडफडत उठला. पॅनेलरूममध्ये जाऊन त्याने बोगद्याकडे जाणारी केबल सोडवली, तर तिथले सगळे मीटर सुरळीत. म्हणजे दोष पुढे. तो कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये गेला, तिकडचंही टोक सोडवलं आणि दोन तारांना मल्टिमीटर लावला. मल्टिमीटर वाजला. म्हणजे तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. तो वाकून बघतोय तोच आवाज थांबला. मग पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. हाताने कुणीतरी करत होतं.

थोरल्याच्या हातातून मल्टिमीटर खाली पडला म्हणतात.

धाकट्याला कळलं ते एवढंच, की वर काहीतरी मोठं घसटत गेलं, झाकण किरकिरलं आणि डोळे दिपवणारा उजेड आत आला. थोरल्याने त्याला काखेत हात घालून वर ओढलं. पॅसेजमध्ये बाजूलाच झाकणावरून हलवलेली बॅटऱ्यांची अवजड क्रेट होती, आणि तिच्यामागे माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर, चेहरा सुकलेला.

"लागलं का कुठे? पाणी पी. पाणी आण रे!" थोरला ओरडत होता.

"मी विचारलं होतं," फोर्कलिफ्टवाला मध्येच म्हणाला. "मी म्हटलं, झाकण उघडं आहे, स्टँड आहे, खाली कुणी आहे का? शेठ म्हणाले, कुणी नाही, तो गेला. लाव झाकण आणि ठेव वर."

थोरल्याने पाण्याची बाटली उघडून धाकट्याच्या हातात दिली, आणि बुचाकडे बघत राहिला.

घरी थोरल्याने गोष्ट सांगितली ती ऐकण्यासारखी होती. मीटर कसे गेले, आपल्याला कसा संशय आला, एकेक टोक सोडवत कसं शोधून काढलं. झाकणापाशी मात्र गोष्टीने चटकन उडी मारली. ताई पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून! नाहीतर काय झालं असतं?" थोरला धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आता हा साडू नाही, माझा भाऊ. पाटीवर दोघांची नावं लावणार. नोकरीबिकरीचं विसरायचं." सगळ्यांचे चेहरे फुलले. धाकट्याने हसायचा प्रयत्न केला. खांद्यावरचा तो हात त्याला जड वाटत होता, आणि आता तो झटकायचा तर साऱ्या घरासमोर झटकावा लागणार होता.

वर खोलीत गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. झाकणाचं आणि पंपिंग स्टेशनचंही. ती नेहमीसारखं न कुजबुजता म्हणाली, "येतो म्हणून सोमवारी कळवा."

"आणि ताई?"

"ताई माझी आहे, माझी मी बघते. मला वाटायचं, तुम्हालाच इथून हलायचं नाही. तुमचं काम आवडीचं, भाऊजी आवडीचे. म्हणून मी गप्प होते."

"मला वाटलं, तुला बहीण सोडवणार नाही."

"बहीण सोडायची कुठे आहे? तिचं स्वयंपाकघर सोडायचंय." आणि ती हसली. त्या खोलीत तिला असं मोठ्याने हसताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी सोललेली केबल दुरुस्त करायला तो कारखान्यात गेला, तेव्हा थोरलाही सोबत आला. वर थांबेल असं वाटलं होतं, पण तो पोट सावरत शिडी उतरला आणि धापा टाकत रांगत मागे आला. धाकट्याने खराब तुकडा कापून नवा जोड दिला. थोरल्याने बॅटरी धरली होती.

"हाक मारायला हवी होती मी," तो अचानक म्हणाला. "तोंडाशी आली होती. पण हाक मारली असती आणि तू ओ दिली असतीस, तर भांडणानंतर मला आधी बोलावं लागलं असतं. म्हटलं, गेलाच असेल."

धाकटा जोडावर टेप गुंडाळत राहिला.

"तुझ्या ताईला सांगू नकोस. ती माझ्याकडे पुन्हा तशी बघणार नाही."

"नाही सांगणार," धाकटा म्हणाला. "पण दादा, मी जातोय. कळवणार आहे उद्या."

थोरल्याने एवढंच विचारलं, "जाळीचं अर्थिंग कुठल्या टोकाला द्यायचं?"

"पॅनेलरूमकडे. एकाच टोकाला."

ते गेले. निरोपाला ताई रडली, थोरला कामाचं निमित्त काढून आलाच नाही. पुढे नातेवाइकांत जे बोललं गेलं ते फिरत फिरत कानावर यायचंच. जिवावर बेतलं तेव्हा ज्याने बाहेर काढलं त्यालाच टाकून गेला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला. एका लग्नात तर कुणीतरी तोंडावरच ऐकवलं. धाकट्याने ऐकून घेतलं. बायको रागाने म्हणाली, "एकदा सांगून का टाकत नाही?" तो म्हणाला, "शब्द दिलाय." नवीन क्वार्टरची दोन्ही दारं मोकळी होती, पंपांचं काम त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण या एका ठिकाणी तो अडकला तो अडकलाच.

आणि मग एका दुपारी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मुलांची चौकशी झाली. बायकोला देतो म्हणाला, तर ताई म्हणाली, "नको, तुमच्याशीच बोलायचं होतं. एक विचारू? त्या दिवशी झाकण कुणी लावलं होतं?"

पंपांचा आवाज येत होता म्हणून तो दार लोटून आत आला. बोलायला थोडा वेळ मिळाला तेवढाच.

"फोर्कलिफ्टवाल्याने," तो म्हणाला. तसं ते खोटं नव्हतं. पण त्या माणसाचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि आपण कुणाच्या माथी काय मारतोय हे त्याला कळलं.

"त्याला कुणी सांगितलं होतं का?"

"ते... मी खाली होतो ना, ताई. मला कसं कळणार?"

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आला.

"आमचे हेही हेच म्हणतात, फोर्कलिफ्टवाल्याने लावलं, मला कसं कळणार," ताई म्हणाली. "शब्दाला शब्द तोच. दोघं वेगवेगळ्या गावांत राहून एकच सांगताय, म्हणजे खरंच असेल." आणि तिने फोन ठेवला.

तिला खरं वाटलं की सगळं कळलं, हे त्याला कधीच समजलं नाही. बायकोने विचारलं, "काय म्हणत होती?" तो म्हणाला, "काही नाही, सहज केला होता." मग दार उघडून तो पंपांकडे परत गेला.